ढाक्यात जूनमध्ये ठरतं, वरुडात नोव्हेंबरमध्ये कळतं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांची संत्र्याची बाग आहे, जे या व्यापारात आहेत, किंवा ज्यांनी अलीकडे "निर्यातदार बना" छापाच्या शिबिरात पैसे भरलेत, त्यांनी तरी वेळ काढून वाचावी. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

दरवर्षी आंबिया बहाराची तोड सुरू झाली की आपल्याकडे एकच बातमी फिरते. बांगलादेशने शुल्क वाढवलं, संत्र्याची निर्यात अडचणीत. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, काटोल, नरखेड, सगळ्या पट्ट्यात दोन दिवसांत भाव उतरतात. व्यापारी बागेत येतो आणि म्हणतो, "बांगलादेश बंद आहे भाऊ, माल जात नाही." आपण मान डोलावतो. दुसरं काय करणार? बांगलादेश खरंच बंद आहे, अर्धा बंद आहे, की नुसता महाग झाला आहे, हे तपासायचं कुठे हेच आपल्याला माहीत नसतं. मग नेते निवेदन देतात, सोशल मीडियावर शिव्या पडतात, कुणी कांद्याचा विषय काढतं. २०१९ मध्ये किलोला २० रुपये असलेलं शुल्क २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं, हा आकडा त्या हंगामात सगळ्यांनी वाचला. राज्य सरकारने निर्यात अनुदानाची घोषणा केली तीही हिवाळ्यात, बागा निम्म्या तोडून झाल्यावर.

माझा मुद्दा साधा आहे. हे शुल्क कुठल्या बंद खोलीत गुपचूप ठरत नाही. बांगलादेशचा अर्थसंकल्प साधारण जूनच्या सुरुवातीला मांडला जातो. त्यांचं आर्थिक वर्ष जुलै ते जून. आयात शुल्कातले बदल बहुतेक त्याच दिवसापासून लागू होतात आणि त्यांच्या राष्ट्रीय महसूल मंडळाच्या म्हणजे एनबीआरच्या संकेतस्थळावर येतात. आपला आंबिया ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तुटतो. म्हणजे मधे चार-पाच महिने जातात. ज्यांचा धंदाच तो आहे त्यांना हे जूनमध्ये कळतं. बागेचा सौदा करून इसार घेणाऱ्या शेतकऱ्याला ते नोव्हेंबरमध्ये कळतं, तेही समोरच्याच्या तोंडून. भावाची बोलणी एकाच्या माहितीवर आणि दुसऱ्याच्या अंदाजावर चालतात. आपलं नुकसान शुल्काने जेवढं होतं, त्यात या फरकाचा वाटा किती, याचा विचार आपण कधी केलेला नाही.

काहीजण म्हणतील, कळून काय उपयोग? झाड उचलून दुसरीकडे नेता येतं का? नाही येत. पण सौदा ऑगस्टमध्ये करायचा की थांबायचं, बाग एकालाच द्यायची की तोडून टप्प्याटप्प्याने विकायची, दिल्ली-बंगळूरच्या बाजाराशी आधीच बोलून ठेवायचं की नाही, प्रक्रियेवाल्याला किती माल द्यायचा, हे सगळं ठरवता येतं. अनुदान मागायचं तर तेही जुलैमध्ये मागता येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, समोरचा "बंद आहे" म्हणाला की "बंद नाही, महाग आहे, आणि किती महाग ते मला माहीत आहे" असं म्हणता येतं.

आता हे शोधायचं कसं, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण यातच खरी गोम आहे.

शुल्काचे बहुतेक आंतरराष्ट्रीय तक्ते उघडले की बांगलादेशात ताज्या फळांवर सीमाशुल्क २५ टक्के असं दिसतं. शिबिरातल्या स्लाइडवरही तेच असतं. पंचवीस टक्के ऐकून माणूस खूश होतो. पण बांगलादेशात एका वस्तूवर एकावर एक सहा थर बसतात. मे २०२२ नंतरची स्थिती घ्या. कस्टमने मालाची किंमत १०० धरली, तर सीमाशुल्क २५. नियामक शुल्क २०. या दोन्हींसह झालेल्या १४५ वर पूरक शुल्क २० टक्के, म्हणजे २९. आता झाले १७४. त्यावर व्हॅट १५ टक्के, म्हणजे २६.१, आणि आगाऊ कर ५ टक्के, म्हणजे ८.७. शिवाय मूळ १०० वर आगाऊ प्राप्तिकर ५. बेरीज करा: ११३.८. म्हणजे पंचवीस टक्के वाटणारं शुल्क प्रत्यक्षात मालाच्या किमतीपेक्षा जास्त. ही सगळी बेरीज त्यांच्या कस्टमच्या संकेतस्थळावर प्रत्येक कोडसमोर एकत्र दिलेली असते, "एकूण कर भार" या अर्थाच्या रकान्यात. कुणी लपवलेली नाही. फक्त २५ वर थांबायचं नाही, पुढचे रकाने वाचायचे.

आणखी एक पेच आहे. हे टक्के कशावर लागतात? तुमच्या बिलावरच्या किमतीवर लागतील असं नाही, तिथलं कस्टम जी किंमत मान्य करतं तिच्यावर लागतात. आता ८८ रुपयांचा आकडा घ्या आणि उलटा हिशेब करा. ८८ ला १.१३८ ने भागलं तर सुमारे ७७ येतात. म्हणजे किलोची किंमत मोटामोटी ७७ रुपये धरली गेली. हा माझा हिशेब आहे, सरकारी आकडा नाही. पण त्या हंगामात बागेत किलोला ७७ रुपये कुणाला मिळाले असतील तर हात वर करा! सांगायचं हे की टक्के तेच ठेवूनही किलोमागचा बोजा वाढू शकतो. नुसती "शुल्कवाढ" शोधत बसलं तर हे हाती लागत नाही.

कोडचंही असंच. हार्मोनाइज्ड प्रणालीत ०८०५.१० हा कोड गोड संत्र्यांचा, म्हणजे जगात ज्याला ऑरेंज म्हणतात त्याचा. आपलं नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्राने मँडरिन कुळातलं, आणि मँडरिनसाठी ०८०५.२१ असा वेगळा कोड आहे. कागदोपत्री माल कुठल्या कोडखाली गेला आहे हे न बघता कुणी एकाच कोडचा आकडा काढून "निर्यात इतकी पडली" म्हणत असेल तर दोन्ही कोड बघायला सांगा. गंमत म्हणजे बंगालीत हा फरक बाजारातच होतो. आपल्या संत्र्यासारखं सुटणाऱ्या सालीचं ते "कमला", आणि मोसंबीसारखं ते "माल्टा". ढाक्याच्या वर्तमानपत्रात माल्ट्याचे भाव वाचून आपल्या संत्र्याचा अंदाज बांधू नये.

भाषेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, बंगालीला घाबरू नका. त्यांच्या अधिसूचना बंगालीत असतात, पण मोबाइलवरचा अनुवाद कामापुरता चालतो, आणि शब्द निम्मे ओळखीचे निघतात. शुल्क म्हणजे शुल्कच. फक्त एका ठिकाणी पाय घसरतो. बंगालीत "आमदानि" म्हणजे आयात आणि "रप्तानि" म्हणजे निर्यात. आपल्याकडे आमदनी म्हणजे उत्पन्न. आमदानि घटली असं वाचून तिथल्या लोकांचं उत्पन्न घटलं असं समजू नका. (घटलंही असेल, पण ते वेगळ्या बातमीत सापडेल.)

आता कांद्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. "आपण कांदा बंद केला म्हणून त्यांनी संत्र्यावर सूड घेतला" हे वाक्य इतक्यांदा छापून आलं आहे की ते आता पुरावा मागण्याच्या पलीकडे गेलं आहे. आपण कांदा बंद केला हे खरं. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, आणि पुन्हा डिसेंबर २०२३. दर वेळी अचानक, दर वेळी सीमेवर ट्रक उभे. यातून आपली पत गेली, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मे २०२२ मध्ये नियामक शुल्क वाढवलं त्या यादीत काय होतं ते तर बघा. फळं, फुलं, सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर, अशा शंभरावर वस्तू. आणि ते शुल्क एकट्या भारतीय फळांवर नव्हतं. बाहेरून येणाऱ्या सफरचंदालाही तोच नियम होता. सूड घ्यायचा तर सगळ्या जगाच्या लिपस्टिकवर कशाला घ्यायचा?

मग कारण काय? ते शोधायला दुसऱ्या कागदांकडे जावं लागतं. बांगलादेश बँकेच्या आकड्यांनुसार ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांची परकीय गंगाजळी ४८ अब्ज डॉलर होती. मग ती घसरत गेली. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ टाका लागायचे, २०२३ संपताना सुमारे ११०. जुलै २०२२ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेने फळांसह अनेक "अनावश्यक" वस्तूंच्या एलसीसाठी १०० टक्के रोख रक्कम आधी भरायची अट घातली. म्हणजे आयातदाराने माल यायच्या आधी पूर्ण पैसे बँकेत अडकवायचे. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. हे सगळं एका ओळीत ठेवलं की चित्र वेगळं दिसतं. डॉलर वाचवायचे होते, आणि ते चैनीच्या यादीतून वाचवले गेले. त्या यादीत आपलं संत्रं सापडलं. शिवाय बांगलादेशात कर आणि राष्ट्रीय उत्पन्न यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आहे, त्यामुळे सरकारला सीमेवर मिळणारा पैसा सोडवत नाही. नाणेनिधीच्या अहवालांत हे वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे.

हा फरक का महत्त्वाचा? कारण सूड असेल तर उपाय दिल्लीत आहे: मंत्र्यांनी बोलावं, कांदा सोडावा, शुल्क उतरेल. डॉलरची टंचाई असेल तर कांद्याचे दहा ट्रक सोडूनही संत्र्याचं शुल्क उतरणार नाही. चुकीच्या निदानावर आपण दोन-तीन हंगाम निवेदनं देत बसलो असं माझं मत आहे. संबंधांचा काहीच परिणाम नसतो असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांचं सरकार गेलं तेव्हा सीमेवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मे २०२५ मध्ये आपल्याच सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरच्या नाक्यांतून बंदी घातली आणि ते न्हावा शेवा व कोलकाता बंदरातूनच आणा म्हटलं. राजकारण असतंच. पण दर वेळी तेच असतं असं नाही, आणि कागद वाचल्याशिवाय ते कळत नाही.

कागद वाचतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. त्याच गंगाजळीचं उदाहरण घ्या. जुलै २०२३ मध्ये बांगलादेश बँकेने एकाच दिवसाचे दोन आकडे दिले. जुन्या पद्धतीने २९.९७ अब्ज डॉलर, नाणेनिधीच्या पद्धतीने २३.५७ अब्ज. दोन्ही खरे. फरक सव्वासहा अब्जांहून जास्त. एकाने पहिला वाचला तर म्हणेल बरं चाललंय, दुसऱ्याने दुसरा वाचला तर म्हणेल अडचण आहे. आकड्याखालची टीप वाचायची सवय नसेल तर अभ्यास करून उपयोग नाही, असं मला वाटतं.

आता त्या शिबिरांबद्दल. नागपुरातल्या एका हॉटेलात दोन दिवसांचं "ग्लोबल एक्स्पोर्ट" शिबिर झालं, पाच आकडी फी, दुपारचं जेवण धरून. माझ्या ओळखीचा एक तरुण गेला होता, त्याने मला फाइल दाखवली. त्यात बांगलादेशसाठी एक पान. त्यावर जागतिक बँकेच्या "डुइंग बिझनेस" अहवालातला क्रमांक, १६८. भारताचा ६३. खाली वाक्य: व्यवसाय करायला अवघड देश, आमच्या सल्ल्याशिवाय उतरू नका.

त्या एका पानात किती गोष्टी आहेत बघा. एक तर हा अहवाल जागतिक बँकेने स्वतःच सप्टेंबर २०२१ मध्ये बंद केला. २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांमधल्या काही देशांच्या आकड्यांत गडबड झाल्याचं समोर आलं. चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान ही नावं त्यात होती. म्हणजे जे मोजमाप मोजणाऱ्यानेच मोडीत काढलं, ते अजून पैसे घेऊन विकलं जातंय. दुसरं, हे क्रमांक देशाचे म्हणवत, पण भारताचे आकडे फक्त मुंबई आणि दिल्लीचे होते, बांगलादेशचे ढाका आणि चितगावचे. वरुडच्या शेतकऱ्याला किंवा बेनापोलच्या आयातदाराला कुणी विचारलेलं नव्हतं. आणि तिसरं, मला सगळ्यात मजेशीर वाटलेलं: त्याच अहवालात करार मोडला तर कोर्टातून वसुली व्हायला किती दिवस लागतात याचा तक्ता आहे. बांगलादेश १,४४२ दिवस. भारत १,४४५. क्रमांकात शंभराहून जास्त घरांचं अंतर, आणि पैसे बुडाले तर दोन्हीकडे चार वर्षं. निर्यातदाराला यातला कुठला आकडा कामाचा, ते तुम्हीच सांगा. बंद केलेल्या अहवालाच्या जागी बँकेने २०२४ मध्ये "बिझनेस रेडी" नावाचा नवा अहवाल काढला. पहिल्या फेरीतल्या ५० अर्थव्यवस्थांमध्ये बांगलादेश होता, भारत नव्हता. फाइलमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

फुकटच्या साधनांबद्दल थोडं, कारण लोक नेहमी विचारतात. आपल्या वाणिज्य मंत्रालयाची आयात-निर्यात आकड्यांची बँक ऑनलाइन आहे. देश टाका, कोड टाका, वर्ष टाका. संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड आहे. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा ट्रेड मॅप आहे, आपल्यासारख्या विकसनशील देशांतून नोंदणी केली की वापरता येतो. यात एक युक्ती कायम वापरावी. भारत म्हणतो बांगलादेशला इतका माल पाठवला, बांगलादेश म्हणतो भारतातून इतका आला. दोन्ही शेजारी ठेवायचे. ते कधीच जुळत नाहीत. काही फरक साधे असतात: आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जुलै ते जून, एकीकडे भाडं-विमा धरलेला, दुसरीकडे नाही. पण हे सगळं धरूनही मोठा फरक उरला तर तिथे काहीतरी शिजतंय असं समजावं, आणि मग फोन करून विचारावं. अंधेरीत मुख्यालय असलेली सरकारी ईसीजीसी देशांची जोखीम ए१ पासून डी पर्यंत सात वर्गांत लावते. निर्यातीचे पैसे बुडाले तर विमा देणारी संस्था ती, त्यामुळे तिला खोटं आशावादी राहून परवडत नाही. म्हणून तिची यादी मी आधी बघतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दरवर्षी देशोदेशीच्या गुंतवणूक वातावरणावर अहवाल काढतं. त्यात जमीन, कोर्ट, लाचखोरी यावर मोकळेपणाने लिहिलेलं असतं. पण तो अमेरिकी कंपनीसाठी लिहिलेला आहे, संत्र्याच्या ट्रकसाठी नाही. आणि बांगलादेशच्या गुंतवणूक प्राधिकरणाची पुस्तिका ही जाहिरात आहे, ती जाहिरात म्हणूनच वाचायची. कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, कधी लिहिलं, एवढं पहिल्या पानावर बघायला दोन मिनिटं लागतात.

सगळं मोबाइलवर असताना ग्रंथालय कशाला, असा प्रश्न येतोच. मला ते दोन कारणांनी लागतं. ऑनलाइन आज काय आहे ते मिळतं, मागे काय होतं ते पुसलं जातं. सरकारी संकेतस्थळ नव्याने बनलं की जुन्या अधिसूचनांचे दुवे मरतात. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, १९०५ मध्ये भारत सेवक समाजाचं ग्रंथालय म्हणून सुरू झालेलं. अर्थशास्त्राचे जुने अहवाल, नियतकालिकांचे जुने अंक बघायचे तर तिथे जावं. विद्यापीठांची ग्रंथालयं महागडे डेटाबेस पैसे भरून घेतात, बाहेरच्या वाचकाला परवानगी काढून बघता येतं का ते विचारायला लाजू नये. दुसरं कारण म्हणजे ग्रंथपाल. मी एकदा "बांगलादेश फळ आयात" एवढंच घेऊन एका ग्रंथपाल मॅडमकडे गेलो. त्यांनी विचारलं, "तुम्हाला शुल्क हवंय, परवाना हवाय, की तिथले लोक फळ कधी खातात ते हवंय?" एवढ्या एका प्रश्नाने माझं काम तीन भागांत मोकळं झालं.

यातला परवान्याचा भाग आपल्याकडे कुणी बघतच नाही. कांदा घ्या. बांगलादेश कांद्यासाठी आयात परवाना देतं, आणि स्वतःच्या शेतकऱ्याचा माल बाजारात आला की परवाने देणं थांबवतं. २०२३ मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असंच झालं. शुल्क कितीही कमी असो, परवाना नाही तर ट्रक नाही. आपल्याकडे मात्र "बांगलादेशने कांदा नाकारला" अशी बातमी. त्यांनी त्यांचा शेतकरी सांभाळला. आपण कांदा बंद करतो तेव्हा ग्राहक सांभाळतो म्हणतो. असो.

आणि तिसरा, फळ कधी खातात. रमजानमध्ये इफ्तारला फळ लागतं, मागणी चढते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२४ मध्ये तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लागला, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. आपला मृग बहार फेब्रुवारी-मार्चमधला, म्हणजे ही वर्षं मृगवाल्यांसाठी जमून आलेली. पण काही वर्षांत रमजान जानेवारीत सरकेल, तेव्हा आंबिया संपत आलेला आणि मृग पुरता तयार नाही अशी फट पडेल. बहार कुठला धरायचा याचा विचार करणाऱ्याने पुढच्या पाच वर्षांचं कॅलेंडर समोर ठेवलं पाहिजे. याला कुठलाही डेटाबेस लागत नाही.

जून हीच एक तारीख आहे असंही समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये, अर्थसंकल्प नसताना, एका अध्यादेशाने ताज्या फळांवरचं पूरक शुल्क २० वरून ३० टक्के केलं गेलं. त्या वेळी आगाऊ प्राप्तिकर १० टक्के होता, त्यामुळे सगळी बेरीज १३६.२ टक्क्यांवर गेली. नंतर त्यातला काही भाग खालीही आला. ऐन मृगाच्या तोंडावर हे झालं. आपल्याकडे किती जणांना वाढलेलं कळलं, आणि उतरलेलं किती जणांना कळलं? वाढल्याची बातमी व्यापारी आवर्जून सांगतो. उतरल्याची कुणी सांगत नाही. यात व्यापाऱ्याला शिव्या द्यायचं कारण नाही. तो त्याचा धंदा करतो, बेनापोलला गाडी अडकली तर मार त्यालाही बसतो. पण आपली माहिती आपण ठेवायची.

माझी मागणी म्हणून काही लिहायचं तर एवढंच. प्रत्येक जिल्ह्यात निर्यात प्रोत्साहन समिती आहे, जिल्ह्याचा निर्यात आराखडा आहे, कृषी विद्यापीठ आहे, बाजार समित्या आहेत, आता गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. यातल्या कुणालाच "ढाक्याचा अर्थसंकल्प आला की दोन पानं मराठीत काढा" हे काम दिलेलं नाही. दोन पानं! कोड कोणता, थर किती, बेरीज किती, परवान्याची स्थिती काय, टाक्याचा भाव काय, मागच्या वर्षी काय होतं. हे बाजार समितीच्या फलकावर लावायला किती खर्च येतो? निर्यात महोत्सवाच्या एका मांडवाच्या खर्चात दहा वर्षांची पानं छापून होतील. आणि तालुक्याच्या ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर बसलेली असतात, इंटरनेट आहे, इंग्रजी वाचता येतं, अर्थशास्त्राची पुस्तकं पाठ आहेत. उत्पादक कंपनीने त्यातल्या दोघांना हंगामापुरतं मानधन देऊन हे काम द्यावं. शिबिराच्या एका फीमध्ये भागेल.

कुणी करेल याची वाट बघत बसायचं नाही म्हणून, येत्या जूनमध्ये त्यांचा अर्थसंकल्प आला की ०८०५.१० आणि ०८०५.२१ या दोन्ही कोडची पूर्ण बेरीज मी इथेच टाकेन, शक्यतो त्याच रात्री. बंगाली नीट वाचता येणारं कुणी असेल तर कमेंटमध्ये सांगा, अधिसूचना दोन डोळ्यांपेक्षा चार डोळ्यांनी वाचलेली बरी. आणि ज्यांचा माल गेल्या हंगामात पेट्रापोल-बेनापोलमार्गे गेला, त्यांनी शिपिंग बिलावर कोड कुठला पडला होता तेवढं बघून कळवा. पार्टीचं नाव, रक्कम काही नको, फक्त कोड.